कथेतील कालप्रवास : पानिपतापासून कोसाडपर्यंत

माणूस आपला काळ सोडून दुसऱ्या काळात जातो, तेथील जग पाहतो आणि परत येतो, किंवा कधीच येत नाही, अशा कथेस कालप्रवासाची कथा म्हणतात. स्मृतीत, स्वप्नात वा पूर्वजन्मीच्या आठवणीतही मन मागेपुढे जाते. पण ते केवळ मन असते. कालप्रवासाच्या कथेत प्रवासी त्या दुसऱ्या काळात खरोखर हजर असतो. त्याला तेथे भूक लागते, ठेच लागते, आणि तो ज्या वस्तूला हात लावतो ती जागची हलते. या हलण्यातूनच या कथाप्रकाराचा मुख्य प्रश्न उभा राहतो : घडून गेलेले बदलता येते काय, आणि येत असेल तर त्याची किंमत कोणी मोजायची?

हा प्रकार लघुकथेत आणि बालवाङ्मयात विशेष बहरला. लघुकथेला एकच कल्पना पुरते, आणि काळाची उलटापालट ही एका बैठकीत पेलणारी कल्पना आहे. मुलांना खेळाप्रमाणे गोष्टीतही नियम आवडतात. नियम मोडला की ती लेखकाला पकडतात. मराठीत या प्रकाराला तिसरी गोष्ट येऊन मिळाली, ती म्हणजे इतिहास. ज्या भाषेत एखाद्याचा पुरता पराभव झाला की त्याचे ‘पानिपत झाले’ म्हणतात, आणि ‘विश्वास पानिपतातच गेला’ असे सहज बोलले जाते, त्या भाषेत भूतकाळात जाण्याची कल्पना निव्वळ करमणूक राहत नाही. म्हणूनच मराठीतील या प्रकारची सर्वांत गाजलेली कथा यंत्राविषयी नाही, तर एका लढाईविषयी आहे.

पुराणांतील काळाची तफावत

कालप्रवासाची कल्पना यंत्रयुगाची म्हणून ओळखली जात असली, तरी काळ सर्वत्र सारख्या गतीने चालत नाही ही समजूत भारतीय पुराणांत स्पष्ट दिसते. भागवत आणि विष्णुपुराण या दोहोंत रैवत ककुद्मी राजाची कथा येते. कुशस्थलीचा हा राजा आपली कन्या रेवती हिच्यासाठी वर कोणता निवडावा हे विचारण्यास तिला घेऊन ब्रह्मलोकी जातो. तेथे गंधर्वांचे गायन चालू असते, म्हणून तो थोडा वेळ थांबतो. गायन संपल्यावर तो मनातील वरांची नावे सांगतो, तेव्हा ब्रह्मदेव हसतात. पृथ्वीवर तोवर सत्तावीस चतुर्युगे उलटलेली असतात. ते वर नाहीत आणि त्यांचे वंशजही उरलेले नाहीत. अखेर रेवतीचा विवाह बलरामाशी होतो. परतलेल्या या दोघांना पृथ्वीवरची माणसे आकाराने खुजी आणि बळाने उणी झालेली दिसतात. रेवती वराहून फारच उंच ठरल्याने बलराम नांगराच्या फाळाने तिची उंची कमी करतो, असे विष्णुपुराण सांगते.

मुचुकुंदाची कथाही याच जातीची. देवांकडून निद्रेचा वर मिळालेला हा राजा गुहेत युगानुयुगे झोपतो. कालयवन त्याला लाथ मारून उठवतो आणि त्याच्या दृष्टीने भस्म होतो. गुहेबाहेर आलेल्या मुचुकुंदालाही जग लहान झालेले दिसते. अमेरिकन लेखक वॉशिंग्टन अर्व्हिंग याने १८१९ मध्ये लिहिलेली रिप व्हॅन विंकलची कथा याच वळणाची आहे. डोंगरात झोपी गेलेला रिप वीस वर्षांनी उठतो, तोवर त्याच्या देशावरचे इंग्लंडच्या राजाचे राज्य जाऊन तेथे प्रजासत्ताक आलेले असते.

या सर्व कथांत एक मर्यादा समान आहे. प्रवासी फक्त पुढे जातो. मागे फिरण्याची वाट त्याला नसते. त्यामुळे येथे पेच निर्माण होत नाही, निर्माण होते ते दुःख. ओळखीची माणसे गेली, आपली भाषा कोणाला कळत नाही, आपले मोजमाप जुने ठरले, हे ते दुःख. परगावाहून वीस-पंचवीस वर्षांनी गावी परतणाऱ्याला ते सांगावे लागत नाही.

यंत्र आले तेव्हा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे, तारायंत्र आणि प्रमाणवेळ यांनी काळ मोजण्याच्या सवयी बदलल्या, आणि कथेतला काळही यंत्राच्या ताब्यात आला. अमेरिकन पत्रकार एडवर्ड पेज मिचेल याची, उलटे फिरणाऱ्या घड्याळाची कथा १८८१ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘सन’ वृत्तपत्रात प्रसिद्ध झाली. त्यातील जुने घड्याळ पात्रांना १५७४ च्या लायडन शहराच्या वेढ्यात नेऊन पोहोचवते. स्पॅनिश लेखक एन्रिके गास्पार याने १८८७ मध्ये काळात मागे जाणारे एक यंत्रच आपल्या कादंबरीत उभे केले. एच. जी. वेल्स याने १८८८ मध्ये विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात या कल्पनेवर एक कथा लिहिली, आणि १८९५ मध्ये ‘द टाइम मशीन’ ही छोटेखानी कादंबरी प्रसिद्ध केली. ‘टाइम मशीन’ हा शब्द जगभर रुळला तो या पुस्तकामुळे.

वेल्सचा प्रवासी सन ८०२७०१ मध्ये पोहोचतो. तेथे माणसाचे दोन वंश झालेले असतात : जमिनीवर सुखात राहणारे दुबळे एलॉय, आणि भुयारात यंत्रे चालवणारे मॉरलॉक. मालक आणि मजूर यांच्यातील दरी लाखो वर्षे वाढत गेली तर काय होईल, हे वेल्सला दाखवायचे होते. भविष्यकाळाचे चित्र हे मुळात वर्तमानकाळाचेच चित्र असते, ही गोष्ट या प्रकाराच्या पहिल्याच मोठ्या पुस्तकात अशी उघड झाली.

ज्यूल व्हर्न याने मात्र यंत्राविना काळाशी खेळ केला. ‘ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा’ या त्याच्या १८७३ च्या कादंबरीचा नायक फिलिआस फॉग मुंबईहून कलकत्त्यापर्यंत कधी आगगाडीने तर कधी हत्तीवरून जातो. पैज हरली असे समजून तो लंडनला परततो, आणि तेथे त्याला कळते की सतत पूर्वेकडे प्रवास केल्यामुळे त्याच्या पदरी एक पूर्ण दिवस जास्तीचा पडला आहे. शालेय भूगोलातील आंतरराष्ट्रीय वाररेषेचा धडा यापेक्षा चांगल्या रीतीने क्वचितच शिकवला गेला असेल. व्हर्नला मराठी मुलांच्या घरात आणण्याचे मोठे काम भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी केले. ‘बालमित्र’ मासिकाचे संपादक आणि फास्टर फेणेचे जनक असलेल्या भागवतांच्या रूपांतरांनी मराठी बालवाचकाला विज्ञानकथेची पहिली गोडी लावली.

विज्ञान कोठवर सोबत करते

१९०५ मध्ये आइन्स्टाइनने विशेष सापेक्षतेचा आणि १९१५ मध्ये व्यापक सापेक्षतेचा सिद्धांत मांडला. वेगाने जाणारे घड्याळ मंद चालते आणि प्रबळ गुरुत्वाकर्षणाजवळचे घड्याळही मंद चालते, हे त्यांतून निष्पन्न झाले. ऑक्टोबर १९७१ मध्ये जोसेफ हाफेले आणि रिचर्ड कीटिंग यांनी सीझियमची आण्विक घड्याळे प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवून हा फरक मोजला. तो नॅनोसेकंदांत भरला, पण सिद्धांताशी जुळला. आपल्या मोबाइलला जागा दाखवणाऱ्या जीपीएस उपग्रहांवरील घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांच्या तुलनेत दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ही दुरुस्ती केली नाही तर दाखवलेली जागा एका दिवसात काही किलोमीटरांनी चुकेल.

म्हणजे भविष्याकडे जाण्यास भौतिकशास्त्राची मनाई नाही. पुरेशा वेगाने दूर जाऊन परतणारा अंतराळवीर पृथ्वीवरील आपल्या जुळ्या भावापेक्षा खरोखरच तरुण राहील. ककुद्मी राजाची कथा भौतिकशास्त्र म्हणून रचलेली नाही, आणि तिच्यात सापेक्षता सिद्धांत शोधणे हा पुराणावरही अन्याय आणि विज्ञानावरही. पण तिची दिशा निसर्गनियमाच्या विरुद्ध जात नाही एवढे म्हणता येते.

मागे जाण्याचे तसे नाही. कुर्ट गोडेल याने १९४९ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांची अशी उकल दाखवली की तिच्यात काळाची वाट वळून स्वतःलाच येऊन मिळते. १९८८ मध्ये किप थॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवकाशातील दोन जागा जोडणाऱ्या काल्पनिक बोगद्याचा, म्हणजे कृमिविवराचा, कालयंत्र म्हणून उपयोग होईल काय याचे गणित मांडले. स्टीफन हॉकिंग यांनी १९९२ मध्ये, निसर्ग असे यंत्र होऊ देणार नाही, असा तर्क पुढे केला. वाद गणिताच्या पातळीवर खुला आहे. कथाकाराला एवढी फट पुरते.

मागे जाण्याचा पेच आणि त्याची तीन उत्तरे

एखादा माणूस भूतकाळात गेला आणि त्याने आपल्या आजोबांचे लग्नच होऊ दिले नाही, तर तो जन्मेल कसा? आणि जन्मलाच नाही तर मागे जाऊन लग्न मोडणार कोण? हा ‘आजोबांचा पेच’ म्हणून ओळखला जातो. कथाकारांनी त्याला मुख्यतः तीन उत्तरे दिली आहेत.

पहिले उत्तर : भूतकाळ बदलतो, आणि त्याबरोबर वर्तमानही बदलतो. रे ब्रॅडबरी याच्या १९५२ च्या ‘अ साउंड ऑफ थंडर’ या कथेत श्रीमंत शिकारी डायनोसॉरच्या युगात शिकारीला जातात. आखून दिलेली वाट सोडू नये, हा तेथला कडक नियम. एक जण घाबरून वाट सोडतो आणि त्याच्या बुटाखाली एक फुलपाखरू चिरडले जाते. परतल्यावर पाट्यांवरील शब्दांचे स्पेलिंग बदललेले असते, आणि निवडणुकीचा निकालही. छोट्या कारणाचे प्रचंड परिणाम सांगण्यासाठी आजही या कथेचा दाखला देतात.

दुसरे उत्तर : भूतकाळ बदलतच नाही, कारण प्रवाशाने तेथे जे केले ते आधीपासूनच इतिहासाचा भाग होते. रॉबर्ट हाइनलाइन याने १९४१ मध्ये लिहिलेल्या ‘बाय हिज बूटस्ट्रॅप्स’ या कथेत एकच माणूस वेगवेगळ्या वयांत स्वतःलाच भेटतो, भांडतो, फसवतो; आणि सारे झाल्यावर एकही धागा सुटा राहत नाही. येथे नशीब हेच खरे यंत्र असते.

तिसरे उत्तर : वाट फुटते. एका शाखेत घटना एका प्रकारे घडली, दुसरीत दुसऱ्या प्रकारे, आणि दोन्ही शाखा अस्तित्वात आहेत. १९५७ मध्ये ह्यू एव्हरेट याने क्वांटम सिद्धांताचा जो अर्थ लावला, तो या उत्तराच्या जवळचा आहे. यात आजोबा सुरक्षित राहतात, पण वाचकापुढे अधिक कठीण प्रश्न येतो. दुसऱ्या शाखेतील जग आपल्या जगापेक्षा चांगले निघाले तर आपल्या इतिहासाकडे आपण कोणत्या नजरेने पाहायचे? मराठीने या तिसऱ्या उत्तरात आपली मोलाची भर घातली.

मराठीतील परंपरा आणि गंगाधरपंत

मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झाली. परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेने अनेक लेखक पुढे आणले. १९७४ च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे टोपणनाव होते. ना. वि. ज. ही आद्याक्षरे उलटी वाचली की ज. वि. ना., म्हणजे जयंत विष्णु नारळीकर, असा उलगडा होतो. केंब्रिजला फ्रेड हॉएल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणावर संशोधन केलेल्या आणि पुढे १९८८ मध्ये पुण्यात ‘आयुका’ उभी करणाऱ्या या शास्त्रज्ञाने आपल्या नावाचे वजन न वापरता पारितोषिक मिळवले होते. ‘यक्षांची देणगी’, ‘टाइम मशीनची किमया’ हे त्यांचे कथासंग्रह आणि ‘वामन परत न आला’, ‘प्रेषित’ या कादंबऱ्या शाळकरी वाचकांनीही मोठ्या प्रमाणावर वाचल्या. २०२१ मध्ये नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यांच्याबरोबर बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर आदींनी मराठी विज्ञानकथेला स्थिर रूप दिले. अनंत अंतरकरांनी सुरू केलेल्या ‘नवल’ मासिकाने अद्भुत आणि विज्ञानाश्रित कथांना हक्काची जागा दिली होती. फोंडके यांनी संपादित केलेल्या ‘इट हॅपन्ड टुमॉरो’ या १९९३ च्या इंग्रजी संग्रहातून निरनिराळ्या भारतीय भाषांतील विज्ञानकथा एकत्र आल्या. ‘उद्या घडून गेले’ असा अर्थ देणारे त्याचे शीर्षकच काळाची गंमत करणारे आहे.

नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा या सर्वांत वेगळी ठरली. ‘द अॅडव्हेंचर’ या तिच्या इंग्रजी रूपाचा समावेश एनसीईआरटीच्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या पाठ्यपुस्तकात झाला. त्यात नायकाचे नाव प्रोफेसर गायतोंडे आहे. गोमंतकीय वाचकाला ते घरचेच वाटेल. इतिहासाचे हे प्राध्यापक पुण्याहून रेल्वेने मुंबईस येतात, तो मुंबईवर अजून इंग्रजांचाच अंमल. ते गोंधळतात, पण इतिहासकाराला शोभेल असेच वागतात : सरळ टाउन हॉलच्या ग्रंथालयात जाऊन स्वतःच लिहिलेल्या इतिहासाचे पाच खंड मागवतात. शेवटच्या खंडात त्यांना फरक सापडतो. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नाही. ती थोडक्यात हुकली. मराठे जिंकले. कंपनीचा विस्तार थांबला आणि इंग्रज मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा मोजक्या ठिकाणांपुरते राहिले. पुढे विसाव्या शतकात देशात लोकशाही आली, आणि मुंबई इंग्रजांकडे राहिली ती भाडेकराराने.

येथपर्यंतची कथा मराठी वाचकाच्या मनातील जुनी इच्छा पुरी करते. तिचे मोठेपण पुढच्या भागात आहे. गंगाधरपंत आझाद मैदानावरील एका सभेत पोहोचतात. व्यासपीठावर अध्यक्षांची खुर्ची रिकामी दिसते आणि ती त्यांना सहन होत नाही. शेकडो व्याख्याने दिलेला हा गृहस्थ सवयीने जाऊन खुर्चीत बसतो आणि बोलू लागतो. पण या जगातील लोकांनी अध्यक्षांची भाषणे केव्हाच बंद केलेली असतात. टोमॅटो, अंडी यांचा मारा होतो, जमाव अंगावर येतो, आणि पंत तेथून नाहीसे होतात. पानिपत जिंकलेल्या जगाला पानिपतावर व्याख्यान देणाऱ्याची गरज नसते, हा त्यातील बोचरा विनोद आहे.

आपल्या जगात परतल्यावर राजेंद्र देशपांडे हे शास्त्रज्ञ मित्र त्यांना स्पष्टीकरण देतात. लढाईचा निकाल अशा एका टोकाशी येऊन ठेपतो की तिळाएवढ्या फरकाने तो इकडे किंवा तिकडे झुकतो, हे कॅटॅस्ट्रॉफी सिद्धांतावरून. आणि निसर्ग सूक्ष्म पातळीवर एकच निकाल आधी ठरवून ठेवत नाही, हे क्वांटम सिद्धांतावरून. पुरावा म्हणून पंतांच्या खिशात बखरीचे फाटके पान असते. त्या पानावर गोळी हुकली आहे. ग्रंथालयातील बखरीत ती लागली आहे. दोन पानांत फरक एका वाक्याचा, आणि त्या वाक्याभोवती दोन देश उभे. कथा मराठ्यांना विजय बहाल करून थांबत नाही. इतिहास अटळ नव्हता, तो घडत असताना कोणालाच ठाऊक नव्हता, हे ती सांगते.

मुलांची पुस्तके

बालवाङ्मयात कालप्रवासाचे स्वरूप सौम्य, पण परिणाम खोल असतो. इंग्रजीत ई. नेसबिट यांनी १९०६ मध्ये ‘द स्टोरी ऑफ द अॅम्युलेट’ लिहिले. ताइताच्या अर्ध्या तुकड्याच्या साहाय्याने मुले प्राचीन इजिप्त आणि बॅबिलोनला जातात. त्याहून गमतीदार प्रसंग उलट दिशेचा : बॅबिलोनची राणी लंडनला येते आणि तेथील मजूरवस्ती पाहून, तुम्ही आपल्या गुलामांना इतके वाईट का ठेवता, असे विचारते. ते गुलाम नाहीत, मत देणारे नागरिक आहेत, हे तिला समजावताना मुलांचीच पंचाईत होते. भूतकाळाने वर्तमानाला विचारलेला हा प्रश्न मुलांच्या पुस्तकात आला आहे, हे विशेष.

फिलिपा पिअर्स यांच्या १९५८ च्या ‘टॉम्स मिडनाइट गार्डन’ला बालवाङ्मयाचे कार्नेगी पदक मिळाले. भावाला गोवर आल्याने मावशीकडे पाठवलेला टॉम रात्री जुन्या घड्याळाचे तेरा ठोके ऐकतो. मागचे दार उघडतो, तर दिवसा जेथे अरुंद आवार होते तेथे बाग असते आणि बागेत गेल्या शतकातील हॅटी नावाची मुलगी. शेवटी त्याला कळते की वरच्या मजल्यावर राहणारी कडक स्वभावाची वृद्ध घरमालकीण म्हणजेच ती हॅटी. या पुस्तकात ना युद्ध आहे ना यंत्र. म्हातारी माणसे एकेकाळी मुले होती, एवढेच ते सांगते. मात्र ते वाचल्यावर मूल आजीकडे वेगळ्या नजरेने पाहते.

आजची मुले या कल्पनेस बहुधा दूरचित्रवाणीवर प्रथम भेटतात. फुजिको एफ. फुजिओ यांची ‘डोरेमॉन’ ही जपानी चित्रमालिका डिसेंबर १९६९ मध्ये सुरू झाली. बाविसाव्या शतकातील यांत्रिक मांजर नोबिताच्या टेबलाच्या खणातून येते, कारण नोबिताच्या वंशजाला आपल्या पूर्वजाचे नशीब सुधारायचे असते. नोबिताचे लग्न दुसऱ्या मुलीशी झाले तर तो वंशज जन्मेल कसा, हा आजोबांचा पेच पहिल्याच प्रकरणात येतो. उत्तर मुलांना पटेल असे दिले आहे : टोकियोहून ओसाकाला निरनिराळ्या वाहनांनी जाता येते, पोहोचायचे गाव एकच. हे उत्तर शास्त्रीय नाही, पण प्रश्न टाळलेला नाही, आणि बालवाचकाशी प्रामाणिक राहण्याची ही पहिली अट आहे.

तापीचा पलीकडचा काठ

मुलांच्या कालकथांतील एक युक्ती लक्षात घेण्याजोगी आहे. जागा तीच ठेवायची आणि काळ बदलायचा. टॉम घराबाहेर जात नाही. घरच मागे जाते. ही युक्ती मराठी मुलाच्या हाती दिली तर काय होईल, हे पाहण्यास महाराष्ट्राबाहेरचे मराठी घर अधिक उपयोगी पडते. गोमंतकीय मराठी वाचकाप्रमाणेच सुरतेचा मराठी वाचकही अशा जागी राहतो, जेथे मराठ्यांचा इतिहास दोन बाजूंनी सांगितला जातो.

कोसाड हा सुरतचा तापीच्या उत्तरेकडील भाग. मूळचे गाव, आता महानगरपालिकेच्या हद्दीत, पश्चिम रेल्वेच्या मुंबई-वडोदरा मार्गावरचे स्थानक, आणि झोपडपट्टीतील कुटुंबांसाठी बांधलेल्या ‘कोसाड आवास’ या मोठ्या वसाहतीमुळे ओळखले जाणारे. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गाने खानदेशातील हजारो कुटुंबे कापडधंद्याच्या ओढीने या शहरात आली, आणि महानगरपालिकेची शिक्षण समिती मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते. अशा शाळेतील मुलाने शिवचरित्रात सुरतेचा प्रसंग वाचलेला असतो. शायिस्ताखानाने तीन वर्षे केलेल्या नासधुशीची भरपाई म्हणून शिवाजी महाराज जानेवारी १६६४ मध्ये सुरतेवर चालून आले. सुभेदार इनायतखान किल्ल्यात लपून बसला. वीरजी व्होरासारख्या धनाढ्य व्यापाऱ्यांची संपत्ती हाती लागली. १६७० मध्ये महाराज पुन्हा आले. पाठ्यपुस्तकात हे सारे मराठा सैन्याच्या बाजूने, म्हणजे शहराबाहेरून आत पाहत सांगितलेले असते.

आता हा मुलगा जागा न सोडता १६६४ मध्ये गेला, अशी कथा कल्पून पाहावी. तो शहराच्या वेशीवर नसेल आणि महाराजांच्या छावणीतही नसेल. तो तापीच्या पलीकडच्या काठावरील गावाच्या बाजूस असेल. त्या दिवसांत सुरतेचे कितीतरी रहिवासी मिळेल त्या नावेने नदी ओलांडून गावांकडे पळाले होते. म्हणजे त्याला प्रथम दिसतील ती भरून येणारी नावांची रांग आणि गाठोडी घेतलेली माणसे. त्याच्या मनात महाराजांविषयीचा आदर आहे, आणि समोर घाबरलेले मूल आहे. तो मराठीत बोलला तर काय होईल? गप्प राहिला तर काय? कॅपुचिन धर्मगुरूंच्या घराला आणि एका दिवंगत दानशूर व्यापाऱ्याच्या घराला महाराजांनी हात लावू दिला नाही, ही बर्निए या फ्रेंच प्रवाशाने नोंदवलेली गोष्ट त्याला ठाऊक असेल, तर तो ती त्या मुलाला सांगेल काय, आणि सांगितल्यास त्या मुलाला धीर येईल काय? यातील एकाही प्रश्नाने आदर कमी होत नाही. पण इतिहास पाठ करणे आणि इतिहासात उभे राहणे यांतील अंतर मुलाला कळते.

गोव्यात हाच प्रयोग नोव्हेंबर १६८३ वर करता येईल. संभाजी महाराजांच्या सैन्याने जुवे, म्हणजे सांत इस्तेव बेटावरील किल्ला घेतला, तेव्हा राजधानी गोवे समोर दिसत होती. व्हाइसरॉयने आपला राजदंड सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी ठेवला, असे वृत्तांत सांगतात. अखेर मोगल शाहजादा शाह आलम जवळ येऊ लागला तेव्हा मराठे माघारी वळले. त्या रात्री जुव्यावरचे मूल, बारदेशातील मूल आणि मराठ्यांच्या तळावरचे मूल यांना तीन वेगळी आकाशे दिसली असतील. पणजीच्या वर्गात शेजारी बसलेल्या मुलांचे पूर्वज या तिन्ही ठिकाणी असू शकतात. इतिहासाचे पुस्तक त्यांना एका बाजूस उभे करू पाहते. कालप्रवासाची कथा त्यांना जागा बदलून पाहण्यास सांगते.

चांगली कालकथा कशी ओळखावी

मुलांसाठी पुस्तक निवडणाऱ्या पालकांस, शिक्षकांस आणि ग्रंथपालांस तीन कसोट्या उपयोगी पडतील.

पहिली कसोटी नियमाची. लेखकाने ठरवलेला नियम शेवटपर्यंत पाळला आहे काय? भूतकाळ बदलतो असे एकदा ठरले, की सोयीप्रमाणे तो न बदलणे ही लबाडी होते.

दुसरी कसोटी किमतीची. प्रवाशाला काही गमवावे लागते काय? ककुद्मीने आपले सर्व समकालीन गमावले, टॉमने बाग गमावली, गंगाधरपंतांनी तर परतल्यावर अध्यक्षपदच सोडून दिले. ज्या कथेत नायक भूतकाळात जाऊन सर्व काही दुरुस्त करतो आणि जसाच्या तसा परततो, ती वाचून मुलाच्या हाती काही लागत नाही.

तिसरी कसोटी माणसांची. तेथे भेटणारी माणसे आपल्यासारखी जिवंत, गोंधळलेली, उद्या काय होणार हे न जाणणारी आहेत काय? की ती आपल्या गौरवासाठी वा रागासाठी उभी केलेली चित्रे आहेत? मराठीत, जेथे इतिहासावरून घराघरांत वाद होतात, ही कसोटी सर्वांत कठीण आणि सर्वांत आवश्यक आहे.

वर्गात वा घरी याचा एक साधा प्रयोग करता येतो. मुलाला त्याच्या गावातील एक ठिकाण निवडू द्यावे : जुने गोव्यातील सेंट ऑगस्टीनचा पडका मनोरा, गावची तळी किंवा घराचा सोपा. मग एक वर्ष ठरवावे आणि त्या ठिकाणी त्या वर्षी उभे राहून काय दिसेल, काय ऐकू येईल, कोणती भाषा कानी पडेल आणि कोणाची भीती वाटेल, एवढेच एका पानात लिहिण्यास सांगावे. विजय कोणाचा झाला हे लिहायचे नाही. त्या दिवशी ते कोणालाच ठाऊक नव्हते.